सल

सल : आपल्यावर अन्याय झाला आणि तो कोणी मानलाही नाही, या जाणिवेतून मनात टिकून राहणारी कटू भावना. राग चढतो आणि उतरतो. सल वर्षानुवर्षे मुरतो. जवळच्या भावना : अढी, आकस, डूख. डूख धरणाऱ्याला सूड हवा असतो. सल बाळगणाऱ्याला बहुधा समोरच्याने चूक कबूल केली तरी पुरते.

जालना जिल्ह्यातल्या गावांत सल बांधावर आणि मांडवात भेटतो. भावाने बांध कोरला, वाटणीत विहिरीकडचा तुकडा दुसऱ्याला गेला, लग्नात मानाचा आहेर राहिला, की बोलणे बंद. मग मयतीलाही माणूस लांबच उभा राहतो. परक्याने केलेले नुकसान विसरले जाते, भाऊबंदाने केलेले नाही. कारण सलाला तुलना लागते आणि तुलना बरोबरीच्याशीच होते.

मराठा आरक्षणाच्या मागणीतही हीच तुलना आहे. विदर्भातल्या सोयऱ्याला ओबीसी आरक्षण देणारा कुणबी दाखला मिळतो, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात मात्र कुणबी नोंदीच सापडत नाहीत, ही जुनी तक्रार. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलक मनोज जरांगे यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पेटले. ४ सप्टेंबरला गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. ती लाठीमाराची होती. दाखल्याचा सल तिने जाणार नव्हता.

दुसऱ्या बाजूचा सलही याच तालुक्यातला. आपल्या आरक्षणाच्या ताटातले काढून मराठ्यांना दिले जाईल, या भीतीने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी अंबडला ओबीसींचा मेळावा भरला. ओबीसी नेते छगन भुजबळ तेथे बोलले. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीत ओबीसी आंदोलक लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. दोन्हीकडचे लोक स्वतःलाच डावलले गेलेले मानतात, आणि खोटे कोणीच बोलत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ फ्रेडरिक नीत्शे याने १८८७ मधील ग्रंथात सल बाळगण्याची ही वृत्ती दुबळ्यांच्या माथी मारली. अंबडचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही : संख्येने मोठा, सत्तेत वाटा असलेला समाजही ती बाळगतो.

२ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने निजामकाळातील हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा निर्णय काढला. त्याविरुद्ध ओबीसी संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या.