मलिकंबर व त्याचे निंदक

अहमदनगरच्या निजामशाहीचा उत्तरकाल अभ्यासितांना एक अडचण पदोपदीं येते. इ. स. १६०० पासून १६२६ पर्यंत या दौलतीचा आधारस्तंभ असलेला जो मलिकंबर, त्याच्याविषयींचा पुष्कळसा मजकूर त्याच्या शत्रूंच्या लेखणींतून उतरलेला आहे. सबब त्याच्या योग्यतेचा निर्णय निंदकांचेच कागद पारखून करावा लागतो.

मलिकंबर जन्मानें हबशी. गुलाम म्हणून अनेकदां विकला जाऊन तो निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरीं आला. १६०० मध्यें चांदबिबी मोगलांस फितूर झाली असा बोभाटा होऊन तिच्याच लोकांनीं तिचा वध केला व नगरचा किल्ला मोगलांनीं घेतला. लोकापवादानें राज्य कसें बुडतें हें पाहिलेल्या अंबरानें दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसवून दौलत पुन्हां उभी केली.

जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत अंबराच्या रंगावरून व दैवावरून त्यास वारंवार हिणविलें आहे. अबुल हसन या चिताऱ्यानें काढलेल्या चित्रांत तर बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यास टोचलेल्या अंबराच्या शिरावर बाण सोडीत आहे. हें चित्र डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत आहे. वस्तुतः तें शिर मोगलांच्या हातीं कधींच लागलें नाहीं.

मात्र सारेच आक्षेप द्वेषमूलक म्हणून झिडकारणें योग्य नव्हे. १६१० मध्यें मुर्तजा मरण पावला. अंबरानें त्यास विष देवविलें हा आरोप गंभीर आहे, आणि चरित्रकारानें तो झांकूं नये. अपयशही त्यास चुकलें नाहीं. १६१६ मध्यें रोशनगांवीं पराभव होऊन त्याची खडकी जाळली गेली. १६१७ मध्यें नगरचा किल्ला मोगलांस परत द्यावा लागला. पुढें लखुजी जाधवरावासारखा सरदार मोगलांस मिळाला. तथापि अंबर खचला नाहीं. १६२४ मध्यें नगरजवळ भातवडी येथें तलावाचें पाणी सोडून त्यानें शत्रूची छावणी चिखलांत अडकविली, आणि मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा मोड केला. या युद्धांत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. त्यांचे बंधु शरीफजी धारातीर्थीं पडले.

निंदेस त्याचें खरें उत्तर मुलखाच्या व्यवस्थेंत दिसतें. जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धति ‘मलिकंबरी धारा’ या नांवानें मराठी कागदांतून त्याच्यामागें टिकून राहिली. बादशहानें ज्याचें नांव तुच्छतेनें घेतलें, त्याचेंच नांव रयतेच्या हिशेबांत प्रमाण झालें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रकृति बिघडल्यावर जहांगीरानें आपलें वृत्त पुढें लिहिण्याचें काम मुतमदखानाकडे सोंपविलें. १६२६ मध्यें अंबर वारला, तेव्हां त्याच मुतमदखानानें ‘इक्बालनामा’ या ग्रंथांत कबूल केलें कीं युद्धांत, हुकमतींत व कारभारांत त्यास तोड नव्हती. अंबर जिवंत असतां त्याच्या वांट्यास असा अभिप्राय त्या दरबारांतून आला नाहीं. त्याची वाट पाहत तो थांबलाही नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंती एवढीच. फारसी तवारिखांची कसोटी लागते ती गांवोगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांवर. नगर जिल्ह्यांतील जुन्या रुमालांत ‘मलिकंबरी’ हा शब्द आढळल्यास तो कागद रद्दी समजूं नये. ज्यास स्वतःची बाजू मांडावयास बखरकार लाभला नाहीं, त्याची साक्ष अशाच कागदांत असते.