मज्जातंतूंची परांची

आमच्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात आले ते एका लढाईमुळे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने येथे हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचा पराभव केला. खान रणातच पडला आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. या लढाईचे राजकारण पुष्कळांनी लिहिले आहे. मला प्रश्न पडतो तो तिच्यातून जिवंत परतलेल्या जखमींचा. दंडावर तलवारीचा वार बसला, जखम भरली, हाडही सांधले, तरी मनगट लोंबतेच. असे कितीतरी शिपाई घरी गेले असणार. तुटलेला मज्जातंतू पुन्हा का चालत नाही, याचे उत्तर तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते.

ते हळूहळू मिळाले. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून दाखवले की, मूळ पेशीपासून तुटलेला भाग झिजून मरतो. म्हणजे तंतू विजेच्या तारेसारखा जोडून भागत नाही; तो आतल्या टोकाकडून नव्याने वाढावा लागतो. त्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. दंडापासून बोटांपर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो.

वाढणाऱ्या तंतूला वाट लागते. कारल्याचा वेल आपल्याच जोमाने वाढतो, पण मांडव नसेल तर जमिनीवरच गुंतून बसतो. तुटलेल्या दोन टोकांमध्ये अंतर पडले की मज्जातंतूचेही तसेच होते. म्हणून १८८२ मध्ये बेल्जियममधील व्हॅनलेअर यांनी कुत्र्याच्या मांडीच्या मज्जातंतूतील तीन सेंटिमीटरचे अंतर हाडाच्या नळीने सांधून पाहिले. हाडातील चुना काढून ती नळी मऊ केलेली होती. आज ज्याला जैवसामग्रीची परांची म्हणतात, तिची ही पणजी. परांची इमारत बांधत नाही. गवंड्याला उभे राहायला जागा देते.

पुढे शल्यविशारदांनी पायाच्या पोटरीतील मज्जातंतू काढून हातात बसवण्याचे तंत्र पक्के केले. ते आजही सर्वोत्तम मानले जाते, पण त्यात पावलाची बाहेरची कड बधिर होते. म्हणून नळीचा शोध चालूच राहिला. १९८० च्या दशकात स्वीडनच्या लुंडबोर्ग यांनी सिलिकॉनच्या नळीतून उंदराच्या मज्जातंतूतील दहा मिलिमीटरचे अंतर भरून काढले. पंधरा मिलिमीटर मात्र नुसत्या नळीला जमेना. पुढे शरीरात आपोआप विरघळणाऱ्या कोलॅजेनच्या नळ्या आल्या. २००१ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली आणि हातापायांतील छोट्या अंतरांसाठी त्या वापरात आहेत.

मज्जारज्जूची गोष्ट वेगळी. तेथील तंतू थोडे फुटतात आणि थांबतात, असे स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी दाखवले होते. तो त्या तंतूंचाच दोष मानला जाई. १९८१ मध्ये माँट्रियलच्या डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायाच्या मज्जातंतूचा तुकडा जोडला, तेव्हा त्याच तंतूंनी त्यातून सुमारे तीन सेंटिमीटर वाट काढली. वाढण्याची ताकद त्यांच्यात होती. परिसर त्यांना अडवत होता.

या आशेवर २०१४ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या मज्जारज्जूत प्रथमच सच्छिद्र, विरघळणारी परांची बसवली गेली. पहिल्या चाचणीत सहा महिन्यांनी १६ पैकी ७ जणांत सुधारणा दिसली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. असा गट ठेवून केलेल्या दुसऱ्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. परांचीचा फायदा दिसला नाही. काही रुग्ण पहिल्या महिन्यांत आपोआपच थोडे सुधारतात, हे त्याचे एक कारण. शेत विकून ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांनी नेमके हेच लक्षात ठेवायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, मज्जारज्जूसाठी असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत, आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

मग आज हाती काय आहे? सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि कंबरेखाली लुळे पडले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहून त्यांनी पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकीला अशा सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तेथील काम साधेच: दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे, लघवीची निगा, चाकाची खुर्ची, शिक्षण, खेळ. असे रुग्ण पूर्वी मज्जारज्जूपेक्षा पाठीच्या जखमा आणि मूत्रपिंडाच्या संसर्गानेच अधिक मरत. त्यांचे आयुष्य वाढवले ते या निगेने.

आमच्या भागात कोणी झाडावरून पडतो, कोणी विहिरीत, कोणी मोटारसायकलवरून. लोक धावतात आणि दोघे जण त्याला हात-पाय धरून उचलतात. मणका मोडला असेल तर वाचलेला तंतूही त्या झोळीत तुटू शकतो. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घेणे, एवढे प्रत्येक गावाला आजच शिकता येईल. मज्जारज्जूची परांची प्रयोगशाळेतून कधी यायची ती येईल. घरातल्या दाराची फळी मात्र आत्ताच हाताशी आहे.