थंडीतला छापखाना

ही स्मरणिका वाचकांच्या हाती सुबक मराठी अक्षरांत पडत आहे. संगणकावर अक्षरे उमटतात आणि कोणाचे हात काळे होत नाहीत. पण आम्ही ज्या गालीलच्या डोंगरात येऊन वसलो, तेथे छपाईचे काम एके काळी किती कष्टाचे होते याची आमच्या नातवंडांना कल्पना नाही. म्हणून हा लेख.

सफात हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या माथेरानच्याही थोडे वरच आहे. हिवाळ्यात पाऊस, धुके आणि एखाद्या वर्षी बर्फ. याच गावी १५७७ साली एलिएझर अश्केनाझी यांनी या देशातला पहिला छापखाना घातला. एस्तेरच्या पुस्तकावरील 'लेकाह तोव' हे भाष्य तेथे प्रथम छापले गेले. १५८७ पर्यंत मोजकी पुस्तके निघाली आणि छापखाना बंद पडला. पुढे अडीचशे वर्षे या भूमीत हिब्रू अक्षर छापले गेले नाही.

१८३१ साली बर्दिचेव (आजचे युक्रेन) येथून इस्राएल बाक नावाचे मुद्रक यंत्र व साहित्य घेऊन सफातला आले. १८३२ साली त्यांच्याकडे सिद्दूर छापला जात होता. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण मराठीतून, आमच्याच बेने इस्राएल लोकांसाठी, छापून निघाले. विल्सनसाहेबांचा हेतू निराळा होता हे आमचे वडीलधारे ओळखून होते. हिब्रू मात्र त्यांनी घेतली!

आमच्यातील ज्यांनी मुंबईच्या छापखान्यांत खिळे जुळविले, त्यांना थंडी म्हणजे काय ते इथे आल्यावर कळले. खिळा शिसे, अँटिमनी व कथील यांचा. उन्हाळ्यात तो हाताला गार लागतो, बरे वाटते. हिवाळ्यात तोच बोटे बधिर करतो आणि बधिर बोटाला खिळ्याची खाच लागत नाही. मग अक्षर उलटे बसते. शाई म्हणजे उकळून घट्ट केलेले अळशीचे तेल व काजळी. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. अळशीचे तेल तसे गोठत नाही, पण शाई चिकट व जड होते, नीट पसरत नाही, कागदाचे तंतू ओढून काढते. हातयंत्रावर छापायचा कागद आदल्या दिवशी ओला करून ठेवावा लागे. डिसेंबरात ते ओले ताव उचलणाऱ्याचे हाल काय सांगावे! शिवाय छापलेले ताव लवकर वाळत नाहीत. दगडी घरात ऊब म्हणजे कोळशाची शेगडी. ती जवळ आणावी तर कागद आखडतो आणि धुराने डोके धरते. दूर ठेवावी तर शाई हलत नाही. दार उघडे ठेवले नाही तर जीव धोक्यात.

बाक यांच्यावरील संकटे मात्र थंडीपेक्षा मोठी होती. १८३४ च्या बंडात छापखाना लुटला, मोडला गेला. त्यांनी तो पुन्हा उभा केला. १ जानेवारी १८३७ रोजी, ऐन हिवाळ्यात, भूकंप झाला. सफातचे हजारो लोक दगडांखाली गेले, छापखानाही गेला. मेरोनजवळच्या डोंगरावर शेतीचा प्रयत्न झाला, तोही फसला. अखेर ते यरुशलेमला गेले आणि १८४१ साली तेथे पहिला हिब्रू छापखाना सुरू केला. पुढे मॉन्टेफिओरी यांनी इंग्लंडहून नवे यंत्र पाठविले. १८६३ पर्यंत त्या शहरात दुसरा हिब्रू छापखाना नव्हता. बाक १८७४ साली वारले. त्याच वर्षी पुण्यात आपला सचित्र हगादा मराठी भाषांतरासह छापला गेला. मुंबईचा १८४६ चा हगादा शिळाछापाचा होता, म्हणजे खिळ्यांची गरजच नाही.

खिळ्यांशिवाय छापण्याची पाळी आमच्यावरही आली. १९६२ नंतर आमच्या विवाहांविषयी प्रश्न उपस्थित केले गेले, तेव्हा हिब्रू न येणाऱ्या आमच्या आईबापांना काय चालले आहे हे मराठीतून कळविणे भाग होते. गावात मराठी खिळे कोठून मिळणार? सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर आम्ही टोकदार पोलादी लेखणीने हाताने लिहीत असू. ती जागा म्हणजे सिनेगॉगमागची पत्र्याची खोली. एकच रॉकेलचा हीटर, तोही शब्बाथच्या प्रार्थनेला लागे म्हणून आत नेलेला. थंडीत मेणकागद ठिसूळ होई. 'ळ' व 'क्ष' यांच्या गाठीशी हमखास फाटे आणि सगळे पान पहिल्यापासून लिहावे लागे. शाईची नळी आमच्यातला एक जण कोटाच्या आत, काखेत धरून बसे. दुसरा चाक फिरवी. घरच्या बायका थर्मासमधून चहा आणीत. तो पिण्याआधी सगळे कपावर बोटे शेकत.

ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच होत असा ठराव केला. त्याचेही पत्रक आम्ही त्याच खोलीत काढले. ऑगस्ट असल्यामुळे शाई पातळ होऊन सगळीकडे पसरली.

हिवाळ्यातल्या पत्रकांपैकी एकच प्रत सिनेगॉगच्या कपाटात शिल्लक आहे. तिच्या शेवटच्या चार ओळी छापल्याच गेल्या नाहीत. कोणी तरी त्या निळ्या पेनाने लिहून काढल्या आहेत.