ऊन पाणी आणि कोंडलेला दाब

पाणी तापविणे ही क्रिया मनुष्यास अग्नीच्या ओळखीइतकीच जुनी आहे. परंतु कोंडलेले पाणी तापविणे ही गेल्या साडेतीनशे वर्षांतील विद्या होय. या दोहोंतील भेद जेथे जेथे विसरला गेला, तेथे तेथे त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी द्यावी लागली. आता हा भेद कुरुंदवाडासारख्या लहान गावाच्या न्हाणीघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे पटवर्धनांचे गाव. १९४८ साली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, त्या काळी येथील वाड्यांतून पाणी तापे ते तांब्याच्या बंबात. मधोमध धुराची नळी, तळाशी जाळी, भोवती पाणी, खाली पितळी तोटी आणि वर सैल झाकण. जाळ शेणींचा असो, बाभळीचा असो वा चिपाडांचा असो, पाण्यावरील दाब बाहेरच्या हवेहून वाढतच नसे. वाफ झाकण उचलून निघून जाई. गुऱ्हाळातील काहिलीचेही तेच. रस कितीही उसळला तरी काहील फुटत नाही, कारण ती उघडी असते. बंबाने धूर दिला, मुलांचे हात पोळले, हे खरे. पण दाबाचे भय त्याने कधी दाखविले नाही.

झाकण घट्ट बसविण्याचा प्रयोग केला तो देनी पापँ या फ्रेंच वैद्याने. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे एक बंद पात्र मांडले. दाब वाढला की पाणी १०० अंशांवर न उकळता अधिक तापते, हे त्याचे मर्म. परंतु असे पात्र फुटेल हेही पापँने ओळखले व त्यावर तरफेने दाबलेली एक झडप बसविली. वाफ प्रमाणाबाहेर गेली की झडप आपोआप उचलली जाई. घरोघरीच्या कुकरच्या शिट्टीची आजी ती हीच.

पुढे वाफेची यंत्रे आली आणि झडपेचे महत्त्व रक्ताने लिहिले गेले. १८०३ साली ग्रीनिच येथे ट्रेव्हिथिकचा बॉयलर फुटून चार माणसे दगावली. तेव्हापासून त्याने एकीच्या जागी दोन झडपा व उष्णतेने वितळणारे शिशाचे बूच योजिले. १८६५ साली मिसिसिपी नदीत सुलताना ही आगबोट बॉयलर फुटून बुडाली व हजाराहून अधिक लोक प्राणास मुकले. आपल्याकडे १८६३ मधील कलकत्त्याच्या स्फोटानंतर बंगालने तपासणीचा कायदा केला, आणि १९२३ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा बॉयलर कायदा आला. साखर कारखान्याच्या बॉयलरवर अशी सरकारी नजर राहिली. न्हाणीघरावर कोण ठेवणार?

न्हाणीघरातील गीझरचे नाव आइसलंडातील उष्ण झऱ्यावरून पडले. १८६८ साली लंडनच्या मॉन याने केलेल्या गॅसच्या साधनात पाणी उघडेच वाहत असे. पाणी साठवून तापविणारी बंद टाकी आली तेव्हा पापँचा प्रश्न घरात शिरला.

त्याचा हिशेब कठीण नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार होतो; एकमजली घराच्या माथ्यावरील टाकीचा दाब बहुधा त्याहूनही कमी. पुष्कळ गीझरांवर मात्र ८ बार हा आकडा छापलेला असतो. मग भय कशाचे? वीस अंशांचे पाणी साठ अंशांवर नेले की ते सुमारे दीड टक्का फुगते. पंचवीस लिटरांच्या टाकीत हे वाढलेले पाणी अर्ध्या लिटरहून थोडे कमी भरते. परतीची वाट बंद असली तर ते झडपेतून ठिबकते. हे ठिबकणे म्हणजे दोष समजून कित्येक घरी तेथे बूच ठोकले जाते! विंधनविहिरीच्या जड पाण्याचा क्षार तेच काम मुकाट्याने करतो. त्यातच उष्णता आवरणारी कळ बिघडली, तर पाणी दीडशे अंशांकडे चढते आणि आतला दाब हवेच्या जवळजवळ पाचपट होतो. पुढेही तो वाढतच जातो. पात्र फाटताच त्यातील काही पाण्याची क्षणार्धात वाफ होते, व एका लिटराची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. भिंती पडतात त्या यामुळे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. गीझरवरचा आकडा वाचावा. पंप बसविला असल्यास त्याचा दाब त्या आकड्याच्या बराच खाली ठेवावा. झडप जाणत्याकडून वेळोवेळी तपासून घ्यावी. तिचे तोंड मोकळे राहू द्यावे. बंबाचे झाकण सैल होते, म्हणून आपल्या आज्यांना ही विद्या शिकावी लागली नाही. झाकण घट्ट करण्याची सोय आपण पत्करली आहे. तेव्हा वाफेला वाट ठेवण्याची जबाबदारीही आपलीच नव्हे काय?