हृदय ऐकण्याची विद्या

हृदयाची तपासणी म्हटली, कीं आतां आपल्या डोळ्यांपुढें मोठमोठीं यंत्रें उभीं राहतात. परंतु या विद्येच्या इतिहासांत यंत्रांइतकाच मनुष्याच्या संकोचाचाहि भाग आहे. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्याकडे वैद्याचा हात प्रथम जाई, तो रोग्याच्या मनगटावर. वातानें नाडी सर्पासारखी, पित्तानें बेडकासारखी आणि कफानें हंसासारखी चालते, असें वर्णन शार्ङ्गधरसंहितेंत आहे. युरोपांत हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, आणि १७६१ सालीं व्हिएन्ना येथील औएनब्रुग्गर या डॉक्टरनें छातीवर बोटांनीं ठोकून आंतील स्थिति ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तरी हृदयाचा आवाज ऐकावयाचा, तर रोग्याच्या छातीला प्रत्यक्ष कान लावण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

१८१६ सालीं पॅरिसमध्यें लेनेक या डॉक्टरकडे हृदयविकाराचीं लक्षणें असलेली एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीस कान लावणें त्याला प्रशस्त वाटेना. त्यानें कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलें व दुसऱ्यास आपला कान लावला. तों काय! नुसत्या कानापेक्षां ठोके अधिक स्पष्ट ऐकूं आले. पुढें त्यानें लांकडाची नळी केली, आणि १८१९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचांतून झाला.

या नळीनें काय कळतें? डॉक्टर प्रथम मानेवरील शिरा व पायांवरील सूज पाहतो. मग डाव्या बाजूच्या पांचव्या व सहाव्या बरगड्यांच्या मधल्या जागेंत हृदयाच्या टोकाचा ठोका हातानें चांचपतो. हृदय वाढलें असेल तर तो काखेकडे सरकलेला आढळतो. नंतर तो कान देतो. आपण ज्याला ‘लब-डब’ म्हणतों, ते आवाज हृदयांतील झडपा मिटण्याचे होत. झडप अरुंद झाली अथवा गळूं लागली, म्हणजे त्यांत सुसकाऱ्यासारखा तिसरा ध्वनि मिसळतो. १९०५ सालीं कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरनें दंडाच्या धमनीवर हीच नळी ठेवून रक्तदाब मोजण्याची रीत दाखविली.

परंतु नळी कितीहि लांब केली, तरी जी स्त्री पुरुष डॉक्टरसमोर येतच नाहीं, तिचें हृदय ऐकावें कोणी? आपल्या समाजांत ही अडचण मोठी होती. आनंदीबाई जोशी यांचें तान्हें मूल दहा दिवसांत गेलें, तेव्हां त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टर हव्यात, हें त्यांनीं १८८३ सालीं श्रीरामपूर येथील जाहीर व्याख्यानांत निक्षून सांगितलें आणि त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेमणूकहि झाली. परंतु क्षयानें पोखरलेलें शरीर घेऊन त्या परतल्या, व २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं या आपल्या पुण्यांतच त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. ज्या स्त्रियांसाठीं त्या शिकल्या, त्यांना तपासण्याची संधि त्यांना मिळाली नाहीं. पण त्यांनीं दाखविलेल्या वाटेनें पुढें अनेकजणी गेल्या.

स्त्रियांच्या हृदयाशीं पुढच्या शोधाचाहि संबंध आहे. बाळपणच्या सांधेज्वरानें हृदयाची डावी झडप अरुंद होण्याचा विकार स्त्रियांत अधिक आढळतो, आणि गरोदरपणीं हृदयावर भार पडला म्हणजे तो उघड होतो. शस्त्रक्रियेपूर्वीं या झडपेची स्थिति कळावी, म्हणून स्वीडनमधील लुंड येथें एडलर हे डॉक्टर व हर्ट्झ हे पदार्थविज्ञानी यांनीं, धातूंतील भेगा शोधण्याचें ध्वनियंत्र १९५३ सालीं छातीस लावलें. मनुष्याच्या कानाला सेकंदास वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनि ऐकूं येत नाहीं. या यंत्राचीं कंपनें लक्षावधि असतात. ध्वनि आंत जातो, झडपेवर आपटून परततो, व परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळतें. रक्ताची गति व दिशा समजते ती डॉप्लर यानें १८४२ सालीं मांडलेल्या तत्त्वावरून. यालाच आपण ‘इको’ म्हणतों.

याच लहरी गर्भाची प्रकृति पाहण्यासही उपयोगी पडल्या, आणि खेदाची गोष्ट अशी, कीं मुलीचा गर्भ हुडकून नाहींसा करण्याकडेहि त्यांचा उपयोग झाला. त्याला आळा घालणारा कायदा प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. सबंध देशासाठीं तो १९९४ सालीं झाला. यंत्राला स्वतःची नीति नसते. ती वापरणाऱ्यानें आणावी लागते.

इको आला म्हणून हाताची व कानाची परीक्षा निरुपयोगी ठरली नाहीं. कोठें आणि काय पाहावयाचें, हें त्या परीक्षेवरूनच ठरतें. आणि त्याहिपूर्वीं रोग्यानें डॉक्टरपर्यंत पोंचावें लागतें. जिना चढतांना आईला धांप लागते, सुनेच्या पायांवर सूज येते, आणि ‘कामाचा शीण आहे’ म्हणून त्या गप्प बसतात. अशा वेळीं घरांतील माणसांनीं त्यांना आग्रहानें डॉक्टरकडे न्यावें, एवढीच माझी विनंति आहे.