मूत्रपिंडाचा वारसा, हृदयाला धोका

तेलगाव (जि. बीड) : घराण्यात मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार असेल, तर त्या घरातील व्यक्तींनी मूत्रपिंडाइतकीच हृदयाचीही काळजी घेणे आवश्यक असते. वडिलांना डायलिसिस लागले, काकांची किडनी निकामी झाली, हे बहुतेक कुटुंबांच्या लक्षात राहते. त्याच घरातील एखाद्याचा ऐन पन्नाशीत हृदयविकाराने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, तर ती मात्र स्वतंत्र घटना मानली जाते. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकाच सदोष जनुकात असू शकते.

आजार कोणता?

आनुवंशिक मूत्रपिंड विकारांमध्ये सर्वाधिक आढळणारा विकार म्हणजे ‘पॉलिसिस्टिक किडनी’, अर्थात बहुपुटी मूत्रपिंड. साधारणपणे ४०० ते १००० व्यक्तींमागे एकाला तो होतो, असे मानले जाते. यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या असंख्य गाठी तयार होतात व वर्षानुवर्षे वाढत जातात. बहुसंख्य रुग्णांमध्ये सोळाव्या गुणसूत्रावरील ‘पीकेडी-१’ हे जनुक सदोष असते. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांमध्ये चौथ्या गुणसूत्रावरील ‘पीकेडी-२’. पहिल्याचा शोध १९९४ मध्ये, तर दुसऱ्याचा १९९६ मध्ये लागला. पीकेडी-२चा आजार तुलनेने सौम्य असतो व मूत्रपिंडे निकामी होण्याची वेळ उशिरा येते.

आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असला, तरी प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता पन्नास टक्के असते. मग तो मुलगा असो वा मुलगी. आजार ‘एक पिढी सोडून येतो’ हा समज चुकीचा आहे. ज्याच्याकडे सदोष जनुक आलेच नाही, त्याच्या मुलांना ते त्याच्याकडून मिळत नाही. काही थोड्या रुग्णांमध्ये मात्र कुटुंबात पूर्वी कोणालाही आजार नसताना हा दोष नव्याने निर्माण होतो.

हृदयाशी संबंध कसा?

हा संबंध दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग रक्तदाबाचा. वाढत्या गाठी मूत्रपिंडातील लहान रक्तवाहिन्यांवर दाब देतात. रक्तपुरवठा कमी झाल्याचा अर्थ लावून मूत्रपिंड रक्तदाब वाढविणारी संप्रेरक यंत्रणा कार्यान्वित करते. त्यामुळे अनेक रुग्णांचा रक्तदाब तिशीच्या आसपासच वाढतो. क्रिएटिनिनची तपासणी त्या वेळी पूर्णपणे सामान्य असू शकते. या दाबाविरुद्ध सतत काम करावे लागल्याने हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. पुढे हृदय कमकुवत होण्याचा व ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो.

दुसरा मार्ग थेट जनुकाचा. या दोन जनुकांपासून तयार होणारी ‘पॉलिसिस्टिन’ प्रथिने मूत्रपिंडाबरोबरच हृदयाच्या स्नायूंत व रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. पेशींमधील कॅल्शियमच्या देवाणघेवाणीशी त्यांचा संबंध आहे आणि हृदयाचे आकुंचन-प्रसरण कॅल्शियमवरच अवलंबून असते. पीकेडी-२ जनुकात दोष असलेल्या झेब्राफिश या माशांमध्ये कॅल्शियमचे हे चक्र बिघडून हृदयाचे कार्य मंदावते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासातही, अशा रुग्णांमध्ये हृदयाच्या स्नायूंचे विकार होण्याची प्रवृत्ती अधिक असू शकते, असा निष्कर्ष होता.

याखेरीज हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप सैल पडण्याचा दोष जुन्या अभ्यासांत सुमारे एक चतुर्थांश रुग्णांमध्ये आढळला होता. तो बहुधा सौम्य असतो. मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा येण्याचे प्रमाणही या रुग्णांमध्ये सर्वसामान्यांपेक्षा अधिक असते. कुटुंबात मेंदूतील रक्तस्रावाचा इतिहास असल्यास त्यासाठी एमआरआय तपासणीचा सल्ला दिला जातो. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी अशा घरात कधीही अंगावर काढू नये.

दुसरा एक आजार

‘फॅब्री’ हा याहून बराच दुर्मीळ आजार. यात एका विकराच्या अभावामुळे मेदयुक्त द्रव्य मूत्रपिंड व हृदय या दोन्हींत साचते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यामुळे रुग्ण पित्याकडून ते सर्व मुलींना मिळते, मुलांना मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे.

तपासणी कोणती, कधी?

सर्वांत महत्त्वाची तपासणी सर्वांत स्वस्त आहे. ती म्हणजे रक्तदाब मोजणे. रुग्णाच्या मुलांचा रक्तदाब लहानपणापासून अधूनमधून व सज्ञान झाल्यावर दरवर्षी पाहावा. गाठींचे निदान सोनोग्राफीने होते. मात्र तिशीच्या आत सोनोग्राफी स्वच्छ आली, तरी आजार नाहीच असे छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्तदाब वाढलेला असल्यास, धाप लागत असल्यास किंवा कुटुंबात हृदयविकार असल्यास ईसीजी व टू-डी इको करून घ्यावा.

उपचार लवकर सुरू झाल्यास त्याचा लाभ होतो. मूत्रपिंडांचे कार्य चांगले असलेल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या रुग्णांवरील ‘हॉल्ट-पीकेडी’ या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये जाहीर झाले. रक्तदाब ११०/७५ किंवा त्याखाली ठेवलेल्या गटात मूत्रपिंडांची वाढ मंदावली आणि हृदयाच्या भिंतीची जाडीही अधिक कमी झाली. हे उद्दिष्ट प्रत्येकाला लागू नाही. ते डॉक्टरांनीच ठरवावे. त्यासाठी वापरली जाणारी एसीई व एआरबी गटातील औषधे गर्भारपणात घातक असल्याने स्त्रियांनी तशी कल्पना आधीच द्यावी.

तेलगाव परिसरातील कुटुंबांसाठी

बीड-परळी व माजलगाव-धारूर हे मार्ग तेलगावात मिळतात. परिसरात साखर कारखाना आहे आणि जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी अनेक महिने परगावी असतात. रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या या काळात सुटतात. अंगदुखीवर दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात, रक्तदाबही वाढवितात. हंगामाला निघताना पुरेशी औषधे व तपासणीचे कागद सोबत असणे म्हणूनच गरजेचे ठरते. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजता येतो. पुढील सल्ल्यासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही शासकीय ठिकाणे आहेत.

आजार लपविण्याची किंमत सर्वाधिक मोजावी लागते ती प्रत्यारोपणाच्या वेळी. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळचे नातेवाईक मूत्रपिंड देऊ शकतात. परंतु या आजारात बहीण, भाऊ किंवा मुलगा यांच्यातही तोच दोष असू शकतो. तरुण दात्याची सोनोग्राफी स्वच्छ असली, तरी एमआरआय वा जनुकीय तपासणीने खात्री करूनच निर्णय घेतला जातो.

सोयरिकीत अडथळा येईल या भीतीने अनेक घरांत हा विषय दडपला जातो. घरात कोणाला, कोणत्या वयात मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा मेंदूतील रक्तस्रावाचा त्रास झाला, याची साधी नोंद कागदावर करून ती डॉक्टरांना दाखविल्यास पुढच्या पिढीचा रक्तदाब वेळेवर मोजला जाईल आणि हृदयाची हानी होण्याआधीच उपचार सुरू करता येतील.