पवईचा काठ

तलाव म्हटला की आपली दृष्टी पाण्यावर खिळते. काठाकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक तलावाचे आयुष्य काठावरच ठरते. पवईचा इतिहास चाळताना आम्हांस हेच प्रकर्षाने जाणवले.

तलावाआधी येथे गाव होते. पवईच्या पवित्र त्रैक्याच्या चर्चचा प्रारंभ येशूसंघीयांनी १५५७ साली केला. एकोणिसाव्या शतकात पवईची जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांकडे आली. १८३८ साली त्यांनी आपल्या बागेतील आंबे थेट व्हिक्टोरिया राणीस धाडले होते!

१८५४ च्या अवर्षणात मुंबईच्या विहिरी आटल्या व शहराची नजर साष्टीच्या डोंगरांकडे वळली. १८६० साली विहार तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशी. तरीही शहराची तहान भागेना. तानसाचे पाणी येईपर्यंतची सोय म्हणून १८८९ साली पवईचे काम हाती घेण्यात आले व ते १८९१ साली संपले. दुसऱ्याच वर्षी तानसाचे पाणी मुंबईस पोहोचले. पवईचे पाणी हलक्या प्रतीचे ठरले व पिण्यासाठी त्याची गरज उरली नाही.

शहराने अशी पाठ फिरविली, तरी काठ जागता राहिला. १९३६ साली गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची संघटना येथे स्थापन झाली. १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी येथे आली. पुढे खाणी, रस्ते व उत्तुंग इमारती आल्या. डोंगर उघडे पडले तसा गाळ तळाशी साचला. सांडपाण्यावर जलपर्णी माजली. ज्या पाण्याने तहान भागवायची, तेच काठावरील माणसांनी नासविले.

अलीकडे महापालिकेने काठालगत दगडांचा भराव घालून सायकलमार्ग बांधावयास घेतला. आयआयटीतील संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. काठ म्हणजे मोकळी पडलेली जमीन नव्हे. तेथे मगरी उन्हात पहुडतात, पाखरे उतरतात, आणि पावसाळ्यात फुगलेल्या पाण्याला पसरावयास जागा मिळते. पवई भरून वाहू लागली की तिचे पाणी मिठी नदीस मिळते. म्हणजे या काठाचे बरेवाईट खालच्या वस्त्यांनाही भोगावे लागते.

आपल्या गावातही एखादे तळे, एखादी बाव असेलच. रविवारी मिस्साहून परतताना मुलांसह तेथे क्षणभर थांबावे आणि काठावर कोण काय टाकीत आहे, ते पाहावे. टाकणारा हात आपलाच निघाला, तर तो तेथेच आवरावा.